विश्लेषण : मित्राचा ‘अवतार’ की कंपनीचा विक्रेता? आभासी जगातील ‘माउथ पब्लिसिटी’ कशी चालते?

शाळेतून आलेले मूल मोबाइलवर ‘रोब्लॉक्स’ उघडते तेव्हा त्याला जाहिरातीचा फलक दिसतोच असे नाही. दिसतो तो मित्राचा अवतार, त्या अवताराच्या अंगावरचे नवे जाकीट, पाठीवरची बॅग. ‘कुठे मिळाली?’ असा प्रश्न येतो, मित्र जागा सांगतो आणि दोघे मिळून तिथे जातात. ती जागा एखाद्या कंपनीने पैसे मोजून उभारलेली असते. टीव्हीवर जाहिरात लागली की ती जाहिरात आहे, हे पाचवीतल्या मुलालाही कळते. इथे ती मित्राच्या तोंडून येते आणि आपण जाहिरात करतो आहोत याची त्या मित्रालाही कल्पना नसते. हा प्रकार किमान वीस वर्षांपासून सुरू आहे. त्याला आवर घालणारे नियम मात्र अजूनही प्रामुख्याने इन्स्टाग्रामवरचे ‘इन्फ्लुएन्सर’ डोळ्यांसमोर ठेवून लिहिले जातात.

‘माउथ पब्लिसिटी’ इतकी मोलाची का?

मराठी प्रेक्षकाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ हा चित्रपट चालला तो महिलांच्या गटांनी एकमेकींना सांगितल्यामुळे. सोसायटीतल्या, भिशीतल्या, कार्यालयातल्या मैत्रिणी नटूनथटून एकत्र चित्रपटगृहात गेल्या. पोस्टरपेक्षा शेजारणीचा शब्द खरा वाटतो, याचे कारण साधे आहे. तिकीट विकले गेले काय किंवा न गेले काय, शेजारणीच्या पदरात काही पडत नाही. समाजशास्त्रज्ञ एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ मध्येच ‘पर्सनल इन्फ्लुएन्स’ या ग्रंथात दाखवून दिले होते की, माध्यमांतला संदेश बहुतेकांपर्यंत थेट नव्हे, तर भोवतालच्या काही जाणत्या माणसांमार्फत पोहोचतो. ‘नील्सन’ या संस्थेच्या २०२१ च्या जागतिक पाहणीत ८८ टक्के लोकांनी ओळखीच्या माणसाच्या शिफारशीवर सर्वाधिक विश्वास असल्याचे सांगितले.

कंपन्यांची अडचण अशी की, कट्ट्यावरच्या गप्पा त्यांना ऐकू येत नाहीत. कोण कुणाला काय म्हणाले, त्यातून किती जण दुकानात गेले, हे कळायला मार्ग नसतो. आभासी जगात ही अडचण उरत नाही. तिथे बोलणे टंकलेले असते, चालणे नोंदवलेले असते, कुणी कुणाला कुठे बोलावले याचीही नोंद राहते. तोंडी शब्द पहिल्यांदाच मोजता आला तो इथे. आणि जे मोजता येते त्याचे बिल लावता येते.

सुरुवात कुठून झाली?

‘व्हायव्हिल’ हे नाव आज फारसे कुणाला आठवणार नाही. कॅलिफोर्नियातील ‘न्यूमेडियन’ या कंपनीने १९९९ मध्ये सुरू केलेले हे मुलांचे आभासी गाव होते. रहिवासी साधारण ८ ते १५ वर्षांचे. विज्ञानाचे खेळ खेळायचे, त्यातून ‘क्लॅम’ म्हणजे शिंपले हे तिथले चलन कमवायचे आणि त्या शिंपल्यांवर आपल्या चेहऱ्यासाठी डोळे, केस, टोप्या घ्यायच्या, असा सगळा मामला. शिक्षकांनी कौतुक करावे असेच ते गाव होते.

एप्रिल २००६ मध्ये टोयोटाने या गावात आपली ‘सायन’ ही गाडी उतरवली. मुलांना शिंपले मोजून ती घेता येई, हवी तशी रंगवता-सजवता येई आणि मित्रांना बसवून गावभर फिरवता येई. सोबत ‘क्लब सायन’ हा अड्डाही होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या वर्षी जूनमध्ये दिलेल्या वृत्तानुसार, पहिल्या दहा दिवसांत मुलांनी आपापसांतल्या गप्पांत ‘सायन’ हा शब्द ७८ हजारांहून अधिक वेळा वापरला, तर ‘क्लब सायन’ला ३३ हजारांहून अधिक भेटी झाल्या. शेकडो गाड्या विकल्या गेल्या, अर्थात शिंपल्यांवर.

हा ७८ हजारांचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. त्यातला एकही शब्द टोयोटाने लिहिलेला नव्हता. ‘माझी सायन बघ’, ‘मला फिरवून आण’, ‘लाल रंग चांगला की काळा’ या धाटणीचे हे मुलांचे बोलणे. कंपनीने फक्त बोलण्याजोगी वस्तू त्यांच्या हाती दिली आणि बाजूला बसून शब्द मोजले. दहा-बारा वर्षांच्या मुलांना वाहन परवाना मिळत नाही, मग गाडीची जाहिरात त्यांच्यापुढे कशासाठी? तर घरातली गाडी ठरवताना मुलांचे मत चालते आणि उद्या तीच मुले ग्राहक होतात, हा हिशेब. गंमत अशी की, ती मुले गाडी घेण्याच्या वयाची झाली तोवर, २०१६ मध्ये, टोयोटाने ‘सायन’ हा ब्रँडच बंद केला. उल्लेख म्हणजे विक्री नव्हे, हे या धंद्यातले जुने दुखणे आहे आणि आभासी जगातले आकडे वाचताना ते विसरले जाते.

‘सेकंड लाइफ’मधील दुकाने ओस का पडली?

त्याच सुमारास मोठ्यांच्या आभासी जगात उलटा प्रयोग सुरू होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लिंडन लॅब’ने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘सेकंड लाइफ’मध्ये २००६ आणि २००७ या दोन वर्षांत कंपन्यांची रीघ लागली. ‘अमेरिकन अपॅरल’ने जून २००६ मध्ये कपड्यांचे दुकान उघडले. निसान, रीबॉक, डेल, आयबीएम, कोका-कोला अशी नावे आली. ‘रॉयटर्स’ या वृत्तसंस्थेने तर तिथे आपला वार्ताहर नेमला. वर्ष उलटते न उलटते तोच ‘अमेरिकन अपॅरल’ने शटर ओढले. २००७ च्या उन्हाळ्यात ‘वायर्ड’ मासिकाने या ओसाड बेटांवर जाहिरातदार कोट्यवधी डॉलर कसे उधळत आहेत, याचा पंचनामाच छापला.

कारणे बरीच सांगितली गेली. एका भागात एका वेळी शंभरापेक्षा जास्त अवतार मावत नसत, संगणक धीमे होते, नोंदणी केलेले पुष्कळ असले तरी नियमित येणारे थोडे होते. पण मूळ चूक जागेच्या कल्पनेत होती. या कंपन्यांनी लक्ष्मी रोडवर किंवा लिंकिंग रोडवर घ्यावे तसे दुकान घेतले. रस्त्यावरच्या दुकानाचे अर्धे गिऱ्हाईक येता-जाता डोकावणारे असते. ‘सेकंड लाइफ’मध्ये येता-जाता असे काही नव्हतेच. अवतार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणात प्रकट होत. ज्या ठिकाणाचा पत्ता कुणी हाती दिला तिथेच माणूस जाई. म्हणजे जाहिरातीचा एकमेव रस्ता रहिवाशांच्या बोलण्यातून जात होता आणि कंपन्यांनी नेमका तोच सोडून बाकी सगळे बांधले होते.

याच जगात रहिवाशांचे स्वतःचे धंदे मात्र जोरात होते. केस, त्वचा, बूट, घरे, फर्निचर बनवून विकणारे हजारो छोटे कारागीर होते. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसे नव्हते. त्यांचा माल लोकांच्या अंगावर होता. एखाद्याचा अंगरखा आवडला तर त्यावर क्लिक करून तो कुणी बनवला, हे नाव पाहता येई. दुकानाचा पत्ता मित्राला पाठवता येई किंवा मित्राला थेट दुकानात बोलावून घेता येई. कारागीर अधूनमधून फुकट वस्तू वाटत, त्यांच्या चाहत्यांचे गट होत, फॅशनवर लिहिणारे हौशी ब्लॉगलेखक त्या वस्तूंची छायाचित्रे टाकत. खऱ्या अर्थाने माउथ पब्लिसिटी होती ती ही.

आणि जिथे खरी माउथ पब्लिसिटी असते तिथे खोटीही येतेच. ‘सेकंड लाइफ’च्या शोधयादीत एखाद्या जागेचे स्थान तिथल्या वर्दळीवरून ठरत असे. मग जागामालकांनी खुर्च्या टाकल्या आणि नुसते बसून राहणाऱ्या अवतारांना तासाला काही लिंडन डॉलर द्यायला सुरुवात केली. पुढे माणसेही नकोशी झाली, संगणकाने चालवलेले बाहुले आणून बसवले जाऊ लागले. राजकीय सभांना ट्रक भरून माणसे आणण्याची पद्धत पाहिलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. अखेर २००९ मध्ये ‘लिंडन लॅब’ला वर्दळ फुगवण्यासाठी बाहुले वापरण्यावर बंदी घालावी लागली.

‘रोब्लॉक्स’ने काय बदलले?

‘सेकंड लाइफ’चा धडा ‘रोब्लॉक्स’च्या पिढीने पुरेपूर गिरवला. २००६ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत दररोज सरासरी १५ कोटींहून अधिक वापरकर्ते येत होते आणि त्यातला मोठा हिस्सा १३ वर्षांखालील मुलांचा आहे. इथे दुसऱ्या खेळाडूच्या अवतारावर बोट ठेवले की त्याने काय काय घातले आहे याची यादी उघडते आणि तिथूनच ती वस्तू विकत घेता येते. ‘कुठून घेतलीस?’ हा प्रश्न विचारण्याचीही गरज उरलेली नाही.

मे २०२१ मध्ये ‘गुची’ने इथे दोन आठवड्यांसाठी ‘गुची गार्डन’ उघडले. मर्यादित काळासाठी विकायला ठेवलेल्या आभासी बॅगांपैकी मधमाशीचे चित्र असलेली एक बॅग पुढे खेळाडूंच्या आपापसांतल्या बाजारात ३ लाख ५० हजार रोबक्सला, म्हणजे चार हजारांहून अधिक डॉलरना विकली गेली. तिच्या मूळ प्रत्यक्षातल्या बॅगेची किंमत त्याहून कमी होती. ‘रोब्लॉक्स’च्या बाहेर त्या आभासी बॅगेचा उपयोग शून्य. पण ती बातमी जगभर झाली आणि ‘गुची’ हे नाव कधी न ऐकलेल्या मुलांच्या गप्पांत पोहोचले. एवढा गवगवा फलक लावून विकत घ्यायचा म्हटला असता तर त्याची किंमत बॅगेपेक्षा कितीतरी अधिक झाली असती.

त्याच वर्षी हॅलोविनच्या सुमारास ‘चिपोटले’ या अमेरिकी उपाहारगृह साखळीने आणखी पुढचे पाऊल टाकले. ‘रोब्लॉक्स’वरच्या आपल्या आभासी उपाहारगृहात वेशभूषा करून येणाऱ्या दररोजच्या पहिल्या ३० हजार अवतारांना खऱ्या बरिटोचा कोड मिळत होता. कोड मर्यादित म्हटल्यावर मुले मित्रांना घाईघाईने सांगणार, हे उघड होते. ‘नायके’चे ‘नायकेलँड’ त्याच वर्षी आले. ‘फोर्टनाइट’मध्ये एप्रिल २०२० मध्ये झालेल्या ट्रॅव्हिस स्कॉटच्या मैफलीला सर्व प्रयोग मिळून २ कोटी ७७ लाख खेळाडूंनी हजेरी लावली होती, टाळेबंदीत घरी अडकलेल्या मुलांसाठी ती मित्रांसोबत बाहेर जाण्याची एकमेव जागा होती.

या सगळ्याला ढकलणारी शक्ती म्हणजे मुलांमधली चढाओढ. ‘फोर्टनाइट’ फुकट खेळता येतो आणि त्यातल्या पोशाखांनी खेळाची ताकद वाढत नाही. तरीही पैसे न भरता मिळणारा साधा पोशाख घातलेल्याला मुले ‘डिफॉल्ट’ म्हणून चिडवतात, असे अमेरिकेतील शिक्षक आणि पालकांनी २०१९ च्या सुमारास सांगायला सुरुवात केली. एखाद्याची लायकी दाखवायला तो शब्द शाळेच्या वर्गातही वापरला जाऊ लागला. पोशाखाची जाहिरात कुणी केली नाही. नसलेल्याची टिंगल झाली, तेवढे पुरले.

अवतार म्हणजे नुसते चित्र नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. (शब्द आपलाच आहे. १९८०च्या दशकात ‘हॅबिटॅट’ या आभासी जगाच्या निर्मात्यांनी तो उचलला आणि तिथून तो जगभर गेला.) स्टॅनफर्ड विद्यापीठात निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उंच अवतार मिळालेली माणसे वाटाघाटींत अधिक ताठर वागताना दिसली. अंगावर चढवलेल्या रूपाचा वागण्यावर परिणाम होतो तो असा. म्हणून अवताराच्या अंगावर चढलेला ब्रँड भिंतीवरच्या ब्रँडपेक्षा वेगळा असतो. तो काही काळ मुलाच्या ‘मी’चा भाग होतो.

भारतात हे कुठवर आले आहे?

महाराष्ट्रातल्या मुलांच्या मोबाइलवर ‘रोब्लॉक्स’, ‘माइनक्राफ्ट’, ‘फ्री फायर मॅक्स’ आणि ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ अर्थात ‘बीजीएमआय’ हे खेळ ओळखीचे आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आल्यानंतर दक्षिण कोरियाच्या ‘क्राफ्टन’ने २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ आणला. मधली बंदी सोसून तो मे २०२३ मध्ये परतला. हा चकमकीचा खेळ असला तरी चार मित्रांचे पथक करून, कानात हेडफोन घालून तासन् तास बोलत बसण्याची ती जागा आहे. नाक्यावरचा कट्टाच म्हणा.

या कट्ट्यावर २०२५ च्या सुरुवातीला महिंद्राची ‘बीई ६’ ही विद्युत मोटार आली. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झाली होती. प्रत्यक्ष गाड्या ग्राहकांच्या दारात पोहोचायला मार्च उजाडला, त्याआधीच ‘बीजीएमआय’च्या नकाशावर मुले ती पळवत होती. त्याच वर्षी ‘रॉयल एनफिल्ड’च्या मोटारसायकलीही या खेळात आल्या. ‘व्हायव्हिल’मधल्या ‘सायन’शी याचे साम्य सहज दिसते. इथे लपवाछपवी आहे असेही नाही. दोन्ही भागीदाऱ्या जाहीर करून झाल्या. पण खेळताना ‘अरे, ती गाडी घे, मस्त पळते’ असे जेव्हा पथकातला मित्र सांगतो, तेव्हा तो खेळातल्या डावपेचाबद्दल बोलतो आहे की गाडीची जाहिरात करतो आहे? दोन्ही एकाच वाक्यात होते. सगळी मेख इथे आहे.

आक्षेप नेमका कशाला?

मित्राने मित्राला एखादी वस्तू सुचवण्यात गैर काही नाही. गैर होते ते सुचवणाऱ्याला मिळालेला मोबदला लपवला जातो तेव्हा. हा वाद आभासी जगाच्या आधीचा आहे. ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ने २००१ मध्ये ‘ट्रेमर’ नावाने किशोरवयीन मुलांचे जाळे उभे केले होते. त्यांना नमुने आणि सवलती द्यायच्या आणि त्यांनी मित्रांत चर्चा करायची, अशी योजना. २००५ मध्ये एका ग्राहक संघटनेने याविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने ते सांगितले नाही तर ग्राहकाची फसवणूक होऊ शकते, असे आयोगाच्या अधिकाऱ्यांनी डिसेंबर २००६ मध्ये कळवले. आजच्या बहुतेक नियमांचे मूळ या विचारात आहे.

खेळांच्या जगात त्याचा सर्वात लखलखीत दाखला म्हणजे ‘सीएसजीओ लोटो’चे प्रकरण. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळातल्या शस्त्रांच्या रंगीत आवरणांवर जुगार लावण्याची ही वेबसाइट. दोन लोकप्रिय गेमर आपल्या व्हिडीओंत तिथे कसे पैसे जिंकतो ते दाखवत होते. वेबसाइट त्यांचीच होती, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. शिवाय त्यांनी इतर गेमरना अडीच हजार ते ५५ हजार डॉलर देऊन शिफारस करायला लावली आणि वाईट बोलायचे नाही अशी अट घातली, असे आयोगाचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१७ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले. एकेकट्या इन्फ्लुएन्सरवर आयोगाने केलेली ती पहिलीच कारवाई.

पण हे झाले मोठ्यांचे, आणि पैसे घेतलेल्यांचे. ‘रोब्लॉक्स’बाबतची तक्रार अधिक अवघड आहे. ‘ट्रुथ इन अ‍ॅडव्हर्टायझिंग’ या अमेरिकी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आयोगाकडे धाव घेतली. कंपन्यांनी उभारलेले खेळ आणि इतर खेळ यांत मुलांना फरक करता येत नाही आणि अवतारांच्या रूपात वावरणारे प्रचारक आपण प्रचारक असल्याचे सांगत नाहीत, असा तिचा रोख होता. ‘वॉलमार्ट’ने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘रोब्लॉक्स’वर उघडलेल्या ‘युनिव्हर्स ऑफ प्ले’ या खेळण्यांच्या दुनियेविरुद्धही तक्रार झाली आणि २०२३ मध्ये ती दुनिया बंद झाली. त्याच वर्षी ‘रोब्लॉक्स’ने १३ वर्षांखालील मुलांना जाहिराती न दाखवण्याचे धोरण स्वीकारले. धोरण चांगले आहे. मात्र १३ वर्षांखालच्या मुलाला फलक दिसला नाही, तरी फलक पाहून आलेल्या चौदा वर्षांच्या दादाचे बोलणे त्याच्या कानावर पडतेच.

फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये मुलांवरील छुप्या जाहिरातींविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. खेळ आणि जाहिरात यांतली रेघ पुसू नका, हा त्यातला पहिला सल्ला. वस्तू समोर येईल त्याच क्षणी, मुलांना समजेल अशा भाषेत, लिहून आणि बोलूनही ती जाहिरात असल्याचे सांगा, हा दुसरा. लहान मुलांना जाहिरातीमागचा हेतू ओळखता येत नाही, एवढेच नव्हे तर सूचना वाचूनही तिचा अर्थ लागत नाही, हे त्यामागचे कारण.

भारतीय कायदा काय म्हणतो?

कायदा पुष्कळ काही म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे कोणत्याही स्वरूपातल्या आणि कोणत्याही माध्यमातल्या जाहिरातींना लागू आहेत; म्हणजे आभासी जगही त्यात आले. मुलांच्या अननुभवाचा, भाबडेपणाचा किंवा निष्ठेच्या भावनेचा गैरफायदा घेऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. शिफारस करणाऱ्यावर एक ते तीन वर्षे शिफारसबंदीही येऊ शकते.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने सेलिब्रिटी, इन्फ्लुएन्सर आणि ‘आभासी इन्फ्लुएन्सर’ यांच्यासाठी वेगळी नियमावली दिली. मोबदला म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे; फुकट वस्तू, सवलत, भेट, स्पर्धेतला प्रवेश हेही त्यात धरले आहे. थेट प्रक्षेपण असेल तर ‘जाहिरात’ ही सूचना सतत दिसली पाहिजे आणि शिफारस ज्या भाषेत असेल त्याच भाषेत ती असावी. मराठीत बोलत ‘बीजीएमआय’ खेळून दाखवणाऱ्या यूट्यूबरने कोपऱ्यात इंग्रजी ‘अ‍ॅड’ लिहून भागत नाही. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या ‘अ‍ॅस्की’ची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली जून २०२१ पासून अमलात आहे. समोरचे पात्र संगणकाने घडवलेले असेल तर ‘तुम्ही खऱ्या माणसाशी बोलत नाही’ हे ग्राहकाला सांगणे त्यात बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाने १३ ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला जाळ्यात ओढण्याच्या छुप्या क्लृप्त्या निषिद्ध ठरवल्या, त्यांत ‘वेशांतर केलेली जाहिरात’ हीसुद्धा आहे. ऑगस्ट २०२५ मधील ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. हा विषय त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

मग फट कुठे राहते?

सगळे नियम एक गृहीत धरून चालतात : शिफारस करणारा कुणीतरी मोठा, ओळखता येणारा, कंपनीशी व्यवहार केलेला असतो. फुकट मिळालेले आभासी जाकीट घालून मित्रांत मिरवणारा दहा वर्षांचा मुलगा या चौकटीत बसत नाही. नियमाचा शब्दशः अर्थ लावायचा तर त्यालाही वस्तू फुकट मिळाली आहे, म्हणजे त्याचा कंपनीशी ‘संबंध’ आहे आणि त्याने तो जाहीर करायला हवा. हे हास्यास्पद आहे. पण तसे केले नाही तर मित्राच्या बोलण्यातून जी जाहिरात होते तिच्यावर ‘जाहिरात’ ही पाटी कुणीच लावत नाही, कारण पाटी लावण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर टाकलेली आहे.

ती वस्तूवर टाकणे शक्य आहे आणि तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दोन दशकांपूर्वी ‘सेकंड लाइफ’मध्ये प्रत्येक वस्तूवर ती बनवणाऱ्याचे नाव कोरलेले असे आणि आजच्या खेळांतही प्रत्येक पोशाख, प्रत्येक गाडी मंचाच्या यादीत नोंदलेली असते. कंपनीने प्रायोजित केलेल्या वस्तूवर कायमची खूण, ती कुणाच्याही अवताराच्या अंगावर गेली तरी दिसणारी. आणि प्रायोजित जागेत पाऊल टाकताच मुलाच्या भाषेत एक सूचना. मंचाला हे करायला लावता येते, कारण वस्तू विकण्याचा परवाना आणि त्यातला वाटा मंचाकडेच असतो. दहा वर्षांच्या मुलाला करायला लावता येत नाही. खूण दिसली तर गंमत जाते, असा गेमिंग कंपन्यांचा युक्तिवाद असतो. क्रिकेटपटूच्या टी-शर्टवर प्रायोजकाचे नाव असते म्हणून कुणी सामना पाहायचे सोडलेले नाही.

दुसरी फट मोजणीची. ‘व्हायव्हिल’ने ७८ हजार वेळा उच्चारलेला शब्द मोजला तेव्हा तो मुलांच्या आपापसांतल्या गप्पांमधून मोजला होता. आज मोजता येणाऱ्या गोष्टी कितीतरी अधिक आहेत : कोण कुणाच्या मागे कुठे गेले, कुणी सांगितल्यावर किती जणांनी विकत घेतले, कोणत्या मुलाचे मित्र ऐकतात. गटातला ‘जाणता’ शोधण्यासाठी कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांना घरोघरी मुलाखती घ्याव्या लागल्या होत्या. मंचाला तो नोंदींतून सापडतो आणि नवी वस्तू आधी त्याच्याच हाती देता येते.

इथे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा उपयोगी पडू शकतो. त्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. कलम ९ नुसार त्याच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे, शिवाय त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे मे २०२७ पर्यंत वाट पाहणे आले. मुलाच्या मित्राला वस्तू देणे ही त्या मुलाला ‘लक्ष्य करून केलेली जाहिरात’ ठरते का, हा प्रश्न विदा संरक्षण मंडळापुढे त्यानंतर कधीतरी येईल. तोवर मुलाच्या खात्यात वय खरे भरले आहे का, खरेदीला पासवर्ड लागतो का आणि अवताराच्या अंगावरचे ते नवे जाकीट कुठून आले, एवढे पालकांना स्वतःच पाहता येण्याजोगे आहे.